तराजूचा काटा आणि खनिजाचे ट्रक

मी फोंड्याची, आर्किटेक्ट. ही गोष्ट 2012 च्या मार्चमधली. डिचोली तालुक्यातल्या एका कॉलेजला (नाव नको) सायन्सची नवी बिल्डिंग बांधायची होती आणि माझं ड्रॉइंग जवळजवळ फायनल झालेलं. तीन मजले, खाली फिजिक्स, मध्ये बायॉलॉजी, वर केमिस्ट्री. केमिस्ट्री वर का, तर फ्यूम हूडचा (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाचा) धूर सरळ छतातून बाहेर काढता येतो, डक्ट लांबवत बसावा लागत नाही. शिकताना आम्हाला तसंच सांगितलेलं, त्यामुळे मी फार डोकं चालवलंच नव्हतं. माझं डोकं खरं म्हणजे चेअरमनसाहेबांशी भांडण्यात गेलेलं, त्यांना पुढच्या बाजूला आख्खी काच हवी होती, आयटी पार्कसारखी. पश्चिमेला काच, तीही गोव्यात, मे महिन्यात! असो.

त्या दिवशी मी फक्त केमिस्ट्रीच्या सरांची सही घ्यायला गेले होते. जाऊन बघते तर प्रॅक्टिकलची परीक्षा चालू. सर म्हणाले, मॅडम बसा दहा मिनिटं, मुलांची वजनं झाली की बघतो. मी मागच्या स्टुलावर बसले आणि तेवढ्यात लाईट गेली.

इलेक्ट्रॉनिक बॅलन्स सगळे बंद पडले. बाहेरून आलेले एक्झामिनर म्हणाले थांबता येणार नाही, जुने काढा. मग लॅब अटेंडंटने कपाटातून ते दोन पारड्यांचे, काचेच्या पेटीतले केमिकल बॅलन्स बाहेर काढले, फडक्याने पुसले. फडका फिरवावा तेवढा कमीच, कारण त्या लॅबमध्ये बाटल्यांपासून बुन्सन बर्नरपर्यंत सगळ्यावर लाल धूळ. डिचोलीत तेव्हा घरोघरी तेच होतं, खाणीवरून जेटीकडे जाणारे टिपर, म्हणजे खनिजाचे ट्रक, दिवसभर चालू असायचे आणि टँकरने रस्त्यावर कितीही पाणी मारलं तरी धूळ यायचीच.

आता ह्या बॅलन्सचा काटा हलतोच, तो डावी-उजवीकडे झुलतो आणि मुलं दोन्ही टोकांची रीडिंग घेऊन मधला आकडा काढतात. पण इथे काटा झुलता झुलता मध्येच थरथरायचा. एक मुलगी बिचारी रडकुंडीला आली, तिचं ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं वजन जमेचना. मला वाटलं कोणीतरी टेबलाला धक्का देतंय. अटेंडंट माझ्या बाजूला उभा होता, रिटायरमेंटला आलेला माणूस, हळूच म्हणाला, "बाय, ट्रक आयलो काय कांटो नाचता." आणि मग बाहेर न बघताच, "हो भरिल्लो. रितो आसलो जाल्यार इतलो हालपाचो ना." (हा भरलेला, रिकामा असता तर एवढा हलला नसता.)

मी उठून खिडकीत गेले. भरलेला होता. पुढचाही त्याने सांगितला, रिकामा, आणि रिकामाच निघाला. तिसरा चुकला, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही.

रस्ता तिथून जेमतेम पंधरा मीटर. आणि मांडीवर माझं ड्रॉइंग उघडं, त्यात बॅलन्स रूम, म्हणजे वजनं करायची खोली, कुठे, तर तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्याच बाजूला, का तर खिडक्यांची ओळ एलिव्हेशनमध्ये, समोरून, छान दिसत होती म्हणून. जमिनीवर ही गत, तर वरचा स्लॅब म्हणजे झोपाळाच की, कॉरिडॉरमध्ये चार मुलं धावली तरी तो हलणार. लाईट असती, पंखे फिरत असते, तर हे माझ्या लक्षातही आलं नसतं, आपण म्हटलं असतं वाऱ्याने हलतंय.

सही मी मागितलीच नाही. सर परीक्षेतून मोकळे झाल्यावर कॅन्टीनमध्ये पातळभाजी-पाव खाता खाता विचारलं, बॅलन्स रूम तेवढी खाली ठेवली आणि लॅब वर, तर? ते हसायलाच लागले. म्हणाले, मॅडम कॉस्टिक सोड्याची गोळी वॉचग्लासवर ठेवून दोन जिने चढून बघा, वर पोचेपर्यंत तिने हवेतलं पाणी पिऊन घेतलेलं असेल, जुलैत तर गोळी सापडायचीही नाही. (म्हणूनच कॉस्टिक अंदाजे तोलतात आणि ऑक्झॅलिक नेमकं, हे मला बारावीत कोणी असं सांगितलं असतं तर मार्क मिळाले असते.)

म्हणजे धुराला वर जायचंय आणि तराजूला खाली राहायचंय, आणि दोघं एकमेकांपासून लांब नकोत. आठवडाभर मी ह्यावर अडकले. शेवटी केमिस्ट्री मुख्य बिल्डिंगमधून उचलून बाहेरच काढली, मागच्या बाजूला एकमजली वेगळी विंग, रस्त्यापासून पंचेचाळीस मीटर. वर तिचंच छत, त्यामुळे डक्ट सरळ बाहेर, आणि खाली जमीन. बॅलन्सचा ओटा चिऱ्याच्या जाड खांबांवर, वर कडाप्पा, आणि खांबांचा पाया फरशीपासून सुटा, मध्ये फट ठेवून वाळू भरलेली, भिंतीलाही कुठे टेकत नाही. विंग ईशान्येला टाकली, कारण पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, नाहीतर सगळा वास बायॉलॉजीच्या खिडक्यांत.

जुलैत कमिटीने कुरकुरत का होईना मान्य केलं. आणि सप्टेंबरमध्ये बेकायदा खाणींवरचा शाह कमिशनचा रिपोर्ट आला, गोव्यातल्या खाणी बंद, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाचाही आदेश आला. रस्ता एकदम शांत! पुढच्या मीटिंगला चेअरमन म्हणाले, मॅडम आता ट्रकच नाहीत, मग ही वेगळी विंग कशाला, जागा फुकट, छताचा खर्च वेगळा, परत तीन मजले करा. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते आत्ता ऐकून कोण घेणार?

कोपऱ्यात एक मेंबर बसलेले, त्या मीटिंगमध्ये तोवर एक अक्षर बोलले नव्हते. त्यांचे स्वतःचे दोन टिपर घरासमोर उभे होते, हप्ते चालू. ते म्हणाले, "ट्रक येतले. मॅडमनी काढलंय तसंच ठेवा." कोणी काही बोललं नाही. त्यांच्यासमोर ट्रक येणार नाहीत असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. विंग राहिली.

2014 च्या जूनमध्ये लॅब सुरू झाली. कौलांतून डक्ट बाहेर काढला तिथे पहिल्याच पावसात गळलं, दोनदा दुरुस्त केलं, अजून थोडं गळतं, ती चूक माझीच. पण ओटा बरोबर होता की नाही ते कळायला मार्गच नव्हता. ट्रक मध्ये थोडे आले, मार्च 2018 ला परत बंद झाले, आणि रस्त्यावर काही जातच नसेल तर काटा शांत राहण्यात माझं काय कौतुक.

2024 मध्ये डिचोलीत खाण परत सुरू झाली. त्या सीझनला सरांचा फोन आला, ते आता एचओडी. म्हणाले मॅडम, ट्रक सुरू झालेत आणि इलेक्ट्रॉनिक बॅलन्सचा दशांशानंतरचा चौथा आकडा स्थिर राहत नाहीये. माझ्या पोटात गोळा. शनिवारी गेले. नवा अटेंडंट, तरुण मुलगा. भरलेला टिपर गेला, आकडा नाचला. रस्ता रिकामा होता तेव्हाही नाचला. मी वर बघितलं आणि त्याला म्हटलं, तो पंखा जरा बंद कर.

आकडा थांबला.

तिथे पंख्याचा पॉइंट माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हताच.