खोक्यावर न छापलेली तीन अक्षरे : घरगुती सर्व्हरसाठी डिस्क निवडताना

सर्व्हरच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा ज्या वस्तूवर जातो, तिच्याविषयीची सर्वांत महत्त्वाची माहिती खोक्यावर छापलेली नसावी, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ती वस्तू म्हणजे हार्ड डिस्क. फोटो, कागदपत्रे आणि चित्रपट एका जागी ठेवून ते टीव्हीवर व फोनवर पाहता यावेत, एवढ्यासाठी कमी खर्चातला सर्व्हर जुळवायचा होता. बाकीचे भाग फारशी कटकट न होता ठरले; डिस्क मात्र काही केल्या ठरेना.

बाकीच्या भागांविषयी थोडक्यात सांगतो. टीव्हीला न झेपणारा व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलून देण्याचे काम, म्हणजे ट्रान्सकोडिंग, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या भागाकडून करून घ्यावे. इंटेलच्या सातव्या पिढीपासून क्विक सिंक ही ट्रान्सकोडिंगची सोय १० बिट एचईव्हीसी या प्रकारचा व्हिडिओही हाताळते, त्यामुळे कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप या कामाला उत्तम चालतो. ज्या इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ असते तो स्वस्त दिसला तरी घेऊ नये, कारण त्यातला ग्राफिक्सचा भाग बंद असतो. सर्व्हरवरचे चित्रपट टीव्हीवर दाखवणाऱ्या जेलीफिन या सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंग फुकट आहे. तशाच प्लेक्स या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी प्लेक्स पास विकत घ्यावा लागतो. रॅम ८ जीबी पुरते. झेडएफएस ही अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइलप्रणाली वापरायची तर दर टीबीमागे १ जीबी रॅम हवीच, हा ठोकताळा घरगुती वापरात मनावर घेण्याचे कारण नाही.

आता डिस्क. डिस्कवर माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआर पद्धतीत वर्तुळाकार ट्रॅक एकमेकांशेजारी सुटे असतात. एसएमआर पद्धतीत ते छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात. तेवढ्याच तबकडीवर जास्त माहिती मावते, पण एक ट्रॅक नव्याने लिहायचा तर त्याच्या पुढचे, त्या पट्ट्याच्या शेवटापर्यंतचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. हे झाकण्यासाठी डिस्क आलेली माहिती आधी एका राखीव भागात उतरवून घेते आणि सवडीने जागेवर लावते. रोजच्या वापरात त्यामुळे काही कळत नाही. खरी परीक्षा होते ती रेडमधली (RAID, म्हणजे एक डिस्क गेली तरी माहिती वाचावी म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्क) एक डिस्क बंद पडून नवी बसवली जाते तेव्हा. त्या वेळी तासन्‌तास अखंड लेखन चालते, राखीव भाग भरून जातो, सवड मिळत नाही आणि वेग कोसळतो. काही तासांचे काम कित्येक दिवसांवर जाऊ शकते, आणि डिस्क वेळेत उत्तर देत नाही म्हणून प्रणाली तिला बाद ठरवून बाहेरही काढू शकते.

हे केवळ शंकेखोरांचे बोलणे नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केले की नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या साठवणीसाठी, म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. त्यानंतर त्यांनी सीएमआर डिस्कसाठी ‘रेड प्लस’ हे वेगळे नाव काढले. जुन्या ६ टीबी डिस्कच्या मॉडेल क्रमांकाशेवटी ‘ईएफआरएक्स’ होते, एसएमआर डिस्कच्या क्रमांकाशेवटी ‘ईएफएएक्स’. फरक एका अक्षराचा.

माझ्या मनात होती ती डिस्क दुसऱ्याच कंपनीची. ती कोणत्या पद्धतीची आहे, एवढाच प्रश्न मी विक्रेत्याला लेखी विचारला. उत्तर आले, ‘ही डिस्क नॅससाठी उत्तम आहे.’ पुन्हा विचारले, तर ‘७२०० आरपीएम आहे, वेगाची काळजी करू नये’ असे आश्वासन मिळाले. मग कंपनीच्या ग्राहक सेवेकडे गेलो. तिथे तक्रार क्रमांक तत्परतेने मिळाला, संपर्क साधल्याबद्दल आभारही मानले गेले, आणि दीर्घ प्रतीक्षेनंतर जे उत्तर हाती आले त्यात हमीचा कालावधी होता. हमीविषयी मी चकार शब्दही काढला नव्हता. ज्यांनी डिस्क बनवली त्यांना ती कशी लिहिते हे ठाऊक असणारच. तरीही साधे ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहायला कोणी धजत नव्हते.

उत्तर अखेर कंपनीच्याच संकेतस्थळावर, तांत्रिक तपशिलाच्या पीडीएफमध्ये सापडले. त्यात मॉडेल क्रमांकानुसार ‘रेकॉर्डिंग टेक्नॉलॉजी’ अशी स्वतंत्र ओळ होती आणि माझ्या डिस्कपुढे सीएमआर लिहिलेले होते. मात्र एकाच नावाखाली, त्याच क्षमतेचे दुसरे मॉडेल एसएमआर होते. म्हणून मी विक्रेत्याकडे लेबलाचा फोटो मागितला. तो आला, पण क्रमांकाची शेवटची अक्षरे नेमकी सवलतीच्या स्टिकरखाली. शेवटी ‘बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून देणार असाल तरच पैसे भरतो’ असे कळवले, आणि जे विनवण्यांनी झाले नव्हते ते तात्काळ झाले. या एका वाक्याचा मला अजूनही अभिमान वाटतो, आणि प्रत्येकाने ते आधीच तयार ठेवावे.

एसएमआर डिस्क सरसकट टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. चित्रपट एकदा लिहून पुढे फक्त वाचायचे असतील आणि प्रत्येक डिस्क स्वतंत्र ठेवायची असेल, तर ती बिनदिक्कत घ्यावी. वाचनात काही अडत नाही. झेडएफएस किंवा रेडमध्ये मात्र नको.

मदरबोर्डविषयी सांगायचे राहिले. खोक्यावर सहा साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडण्याच्या जागा, लिहिलेले असले तरी अनेक बोर्डांवर एम.२ च्या खाचेत एसएसडी बसवताच एखाद-दोन पोर्ट बंद होतात. ही अट माहितीपुस्तिकेच्या तळटीपेत असते, म्हणून पुस्तिका आधी उतरवून वाचावी. विजेचाही हिशेब करावा : ३० वॅट अखंड खर्च झाले तर वर्षाला सुमारे २६३ युनिट होतात. सुरू होताना एकेक ३.५ इंची डिस्क काही क्षण २० वॅटच्या आसपास किंवा त्याहून जास्त ओढते, तेव्हा पॉवर सप्लाय निवडताना चालू स्थितीतला खर्च नव्हे, तर सगळ्या डिस्क एकदम फिरू लागतात तो क्षण धरावा. साटाचे पुरेसे जोड असलेलाच पॉवर सप्लाय घ्यावा. जुन्या मोलेक्स जोडातून साटा जोड काढणारे, साच्यात ओतलेले स्वस्त अडॅप्टर तापून जळू शकतात.

आणि डिस्क घरी आली की तिच्यावर माहिती चढवण्याआधी स्मार्ट (SMART) या डिस्कच्या स्वतःच्याच तपासणीच्या सोयीतली लांब चाचणी लावावी. मोठ्या डिस्कला ती रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ घेते, पण परत करण्याची मुदत संपण्याआधी ती पूर्ण होऊन निकाल हाती असलाच पाहिजे.