मोठ्या माणसांचा नाटकाचा वर्ग

दर बुधवारी संध्याकाळी मी नाटकाच्या वर्गाला जाते, हे कळल्यावर गावाकडून दोन प्रश्न हमखास येतात. "सिनेमात काम करायचंय का?" आणि "ह्या वयात हे काय करायलीस, अक्का?" दुसरा प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा, लातूरहून. दोन्ही प्रेमापोटी विचारलेले, आणि दोन्हींच्या मागे समजूत एकच, की नाटक करावं ते पोटासाठी, नाहीतर कॉलेजात असताना. आपण बहुतेक सगळे ह्या दोन्हींत बसत नाही. संसार, नोकरी, शेती सांभाळणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला नाटक शिकावंसं वाटलं तर त्यानं जायचं कुठं? आज लिहायचंय ते ह्यावरच.

मी शिकागोत एका दवाखान्याच्या हिशेबाच्या खात्यात काम करते. आमचा वर्ग भरतो एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. रंगमंच नाही, पडदा नाही, प्रकाशयोजना नाही. लाकडी जमीन, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या आणि जानेवारीत दाराशी ओल्या बुटांची रांग. वर्गात एक बसचालक आहेत. एक दातांची डॉक्टर आहे. चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटणारा, नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा आहे. बायको गेल्यावर घरात करमेना म्हणून येणारे सत्तरीतले एक आजोबा आहेत. आणि दोघं असे, की ज्यांची उमेदीची वर्षं नाटकातच गेली. प्रवेशाला परीक्षा नाही, आधी काय केलंय ते कुणी विचारत नाही. दोन महिन्यांचा एक वर्ग, आठवड्यातून एक संध्याकाळ, फी भरली की आत.

कसलेली माणसं आणि कोरी माणसं एका खोलीत कशी शिकणार, ही शंका तुम्हाला येईल. मलाही आली होती. गाण्याच्या क्लासात हे जमत नाही. ज्याला सा लागत नाही त्याला तानेच्या शेजारी बसवून उपयोग नसतो. इथं जमतं, कारण शिकवणीची सुरुवात भूमिकेपासून किंवा संवादापासून होत नाही. सुरुवात होते खेळापासून.

पहिल्या दिवशीचा खेळ सांगते. सगळे गोल करून उभे राहतात आणि एकमेकांकडे चेंडू फेकतात. चेंडू खरा नसतो. तो कुणाच्या हातून सुटला, किती मोठा आहे, कुठल्या उंचीवरून येतोय, हे फेकणाऱ्याच्या आणि झेलणाऱ्याच्या अंगातून दिसलं पाहिजे. मध्येच बाजूला उभ्या असलेल्या शिक्षिका ओरडतात, "चेंडू जड झाला!" खेळ थांबत नाही. गुडघे वाकतात, पाठी ताणल्या जातात, झेलणारा दोन पावलं मागं जातो. "आता कापसाचा झाला!" लगेच सगळ्यांची बोटं वर. आमचे बसचालक पहिली दहा मिनिटं खिशात हात घालून उभे होते. जड चेंडू त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी तो पोटाशी धरला, श्वास रोखला आणि शेजाऱ्याच्या हातात अलगद उतरवला. खिशातले हात कधी बाहेर आले हे त्यांनाही कळलं नाही.

ह्या पद्धतीचं मर्म इथंच आहे. मोठ्या माणसाला अभिनय येत नाही तो बहुतेक वेळा लाजेमुळे. लोक आपल्याकडे पाहतायत हा विचार डोक्यात असला की हात कुठं ठेवावेत तेही समजत नाही. "लाजू नका" असं सांगून लाज जात नाही, उलट वाढते. चेंडूवर नजर ठेवायचं काम मिळालं की स्वतःकडे पाहायला मन मोकळं राहत नाही, आणि लाज आपसूक मागं पडते. ज्यांची उमेदीची वर्षं नाटकात गेली त्यांचाही ह्यात फायदा होतो. त्यांच्या अंगात बसलेले ठराविक आवाज, ठराविक हातवारे इथं कामाला येत नाहीत, त्यांनाही नव्यानं पाहावं लागतं.

हे खेळ ह्याच शहरात जन्मले. १८८९ साली जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार ह्या दोघींनी शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावर हल हाऊस नावाची समाजसेवी संस्था सुरू केली. भोवती इटलीहून, ग्रीसहून, रशियाहून आलेल्या कष्टकरी कुटुंबांची वस्ती. तिथं पुढे नीव्हा बॉइड समूहखेळ शिकवत, आणि १९२० च्या दशकात त्यांच्याकडे व्हायोला स्पोलिन तयार झाल्या. स्पोलिनबाई १९०६ साली शिकागोतच जन्मलेल्या, रशियातून आलेल्या ज्यू घरातल्या. महामंदीत सुरू झालेल्या सरकारी रोजगार योजनेत त्यांच्याकडे वस्त्यांमधल्या मुलांना आणि मोठ्यांना नाटक शिकवायचं काम आलं. समोरच्यांच्या घरच्या भाषा वेगवेगळ्या, नाटकाचा गंध नाही. व्याख्यान देऊन तिथं काहीच हाती लागलं नसतं. म्हणून नाटकातली प्रत्येक अडचण त्यांनी एकेका खेळात बसवली. आवाज पोचत नाही? त्याचा खेळ. दोघं एकमेकांचं ऐकत नाहीत? त्याचा खेळ. हे खेळ १९६३ साली पुस्तकरूपाने आले, दोनशेच्या वर. त्याआधीच, १९५९ साली, त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स ह्यांनी दोन मित्रांबरोबर 'सेकंड सिटी' हे रंगघर शिकागोत सुरू केलं आणि उत्स्फूर्त विनोदी नाट्याचं ते मोठं केंद्र झालं.

स्पोलिनबाईंचा एक आग्रह मला फार मोलाचा वाटतो. वर्गात शाबासकी नाही आणि टोचणीही नाही. खेळ संपला की शिक्षिका पाहणाऱ्यांना एवढंच विचारतात, "चेंडू दिसला का?" दिसला तर दिसला, नाही तर नाही. 'छान केलंस' असं म्हटलं की पुढच्या वेळी माणूस छान म्हणवून घेण्यासाठी करतो, असं त्यांचं म्हणणं. आपण तर 'लोक काय म्हणतील' हे ऐकतच मोठे झालो. मराठवाड्यातल्या बाईला तरी ह्याचं वजन वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

माझ्या सर्वांत आवडीचा खेळ निरर्थक भाषेचा. कुठल्याच भाषेतला शब्द वापरायचा नाही, नुसते आवाज काढत बोलायचं, पण समोरच्याला मुद्दा कळला पाहिजे. एकदा मला आजोबांना काहीतरी विकायचं होतं. मी मेथीची जुडी विकायला बसले, आमच्या आठवडी बाजारात बसतात तशी, एक पाय पोटाशी घेऊन. आजोबांनी भाव पाडला. मी जुडी उलटी करून मुळांची माती दाखवली, पदर खोचला, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड केलं. ते दोन पावलं गेले आणि परत आले. इंग्रजीत बोलताना मी आजही प्रत्येक वाक्य मनात एकदा जुळवून घेते. त्या खेळात मला काहीच जुळवावं लागलं नाही, आणि मेथी कधी न पाहिलेल्या माणसानं माझ्याकडून मेथी घेतली.

हे सगळं करताना मला सारखं वाटायचं की आपल्या मातीला ह्यातलं काहीच परकं नाही. पैठणच्या एकनाथांनी भारुडात किती सोंगं उभी केली. जोशी, वासुदेव, मुका, बहिरा, आंधळा. देवळासमोरच्या अंगणात, पडद्याशिवाय, समोरच्या माणसांशी थेट बोलत. गोंधळात आख्यान रंगात आलं की साथीदार मध्येच अडवून प्रश्न विचारतो आणि मुख्य गोंधळी त्याला तिथल्या तिथं उत्तर देतो. तमाशाच्या वगात गोष्ट ठरलेली असायची, संवाद उभ्या उभ्या सुचायचे. सोंगाड्याचा हजरजबाबीपणा कुणी वहीत लिहून दिलेला नसायचा. सिल्लोडकडच्या निरंजन भाकरे ह्यांनी भारूड शहरांच्या रंगमंचांवर नेलं, तेव्हा ऐकणारे त्यांच्या प्रश्नांना खुर्चीतून उत्तरं देत.

आणि शिकलेल्या नाटकाचीही आपल्याकडे वाण नाही. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग, तिथून पुढे आलेले चंद्रकांत कुलकर्णी, मकरंद अनासपुरे, त्या शहरात उभी राहिलेली 'जिगीषा' ही नाट्यसंस्था, नांदेडला विद्यापीठाचं ललित व प्रयोगजीवी कला संकुल, दत्ता भगतांसारखे नाटककार. हौशी मंडळी राज्य नाट्य स्पर्धेसाठी रात्र रात्र तालमी करतात, ते मी लहानपणापासून पाहिलंय आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण विभागात जायला पदवीची वर्षं द्यावी लागतात. युवक महोत्सव विद्यार्थ्यांचा. उन्हाळी शिबिरं मुलांची. स्पर्धेच्या नाटकात ज्याला आधीच येतं त्यालाच भूमिका मिळते, आणि ते बरोबरच आहे, तिथं शिकवत बसायला वेळ नसतो. राहतो तो जालन्याचा दुकानदार, गंगाखेडची शिक्षिका, औशाचा पोस्टमन. त्यांनी प्रेक्षकच व्हायचं.

गेल्या डिसेंबरात माहेरी अंबाजोगाईला आले होते. योगेश्वरीचा मार्गशीर्षातला नवरात्र महोत्सव चालू होता, गाव माणसांनी भरलेलं. माझ्या वहिनी ज्या शाळेत शिकवतात तिथला एक वर्ग रविवारी दुपारी मोकळा मिळाला. बाकं कडेला लावली, सतरंजी घातली. वहिनींनी ओळखीपाळखीतून माणसं गोळा केली. भजनी मंडळातल्या चार बायका, एक शिंपीकाका, मोंढ्यातले मुनीम, एसटीचे कंडक्टर, एक अंगणवाडी सेविका, निवृत्त मुख्याध्यापक आणि दोन-तीन कॉलेजची पोरं.

चेंडूचा खेळ घेतला. थोडा वेळ झाल्यावर मी ओरडले, "आता ती पाण्यानं भरलेली घागर आहे!" बायकांनी घागर एका झोक्यात कमरेवर घेतली, मान दुसरीकडे कलती झाली, मोकळा हात तोल सांभाळायला बाहेर आला. पुरुषांनी ती दोन्ही हातांनी पोटासमोर धरली आणि मग एकेक करून बायकांकडे पाहायला लागले, की हे धरायचं असतं कसं. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या शेजारचं हे गाव. भजनी मंडळातल्या एक मावशी मुनिमांना म्हणाल्या, "आवो, सांडायलंय की." आणि मुनिमांनी खरोखर खाली पाहिलं.

मग पत्त्यांचा खेळ. प्रत्येकानं आपलं पान न पाहता कपाळाला लावायचं. आपलं पान सोडून सगळ्यांची पानं आपल्याला दिसतात. ज्याचं पान मोठं त्याला मान द्यायचा, ज्याचं लहान त्याला मोजायचं नाही. माणसांमधल्या उच्चनीचतेवर नाटकाच्या वर्गात खूप काम होतं. नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टोन ह्यांनी आधी लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात आणि नंतर कॅनडातल्या कॅलगरीत त्याचा मोठा अभ्यास मांडला. आमच्या खोलीत मुख्याध्यापकांच्या कपाळी आली दुर्री आणि अंगणवाडी सेविकेच्या कपाळी बादशहा. प्रसंग दिला लग्नघराचा. सर आले, कुणी 'या' म्हणेना. एकाने "जरा सरका तिकडं" म्हटलं. ज्यांच्यासमोर अर्धं गाव उभं राहतं ते सर हळूहळू सतरंजीच्या कडेला, चपलांजवळ जाऊन बसले. ताईंना मात्र लोड दिला गेला, कंडक्टरसाहेब हात जोडून उभे राहिले. ताई पहिल्यांदा अंग चोरून बसल्या होत्या. मग पाठ लोडाला टेकली. मग त्यांनी नुसतं "पाणी" म्हटलं आणि चौघं उठले.

पानं खाली ठेवल्यावर ताई म्हणाल्या, "मला आधी वाटलं, माझी थट्टाच करायलेत." सर बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, की शाळेत शिपाईमामा दाराजवळ कसे उभे राहायचे ते आज पहिल्यांदा अंगात कळलं. कुणी त्यावर टाळ्या वाजवल्या नाहीत, मीही काही बोलले नाही. पुढचा खेळ घेतला.

आपल्याकडे असे वर्ग उभे राहावेत असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला लागतं ते फार नाही. एक मोकळी खोली, दोन तास, दहा-बारा माणसं. शिकवायला नाट्यशास्त्राची पदवी घेतलेले तरुण जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत. कुणी शाळेत नोकरी करतोय, कुणी मुंबईहून परतलाय. त्यांना मानधन द्या, त्यासाठी थोडी का होईना फी घ्या. फुकटच्या वर्गाला माणूस दुसऱ्या आठवड्यात येत नाही. वेळ बायकांना जमेल अशी ठेवा, आणि एकटीला बोलावण्यापेक्षा दोघीतिघींना मिळून बोलावा, म्हणजे घरून अडत नाही. सगळ्यांत महत्त्वाचं, शेवटी कार्यक्रम ठेवू नका. पाहुणे, सत्कार, हार आले की वर्गाची तालीम होते आणि ज्याला जमत नाही तो गळतो. स्पर्धा तर नकोच.

अंबाजोगाईची मंडळी आता महिन्यातल्या एका रविवारी त्याच खोलीत जमतात. शिंपीकाकांनी पुढाकार घेतलाय. मी शिकागोहून व्हिडिओवर एखादा खेळ समजावते, पण खरं घेतो तो तिथलाच एक नाट्यशास्त्र शिकलेला मुलगा. पुढच्या डिसेंबरात मी परत येणार आहे. परभणी, हिंगोली, धाराशिव, जिथं कुणाला असा वर्ग सुरू करायचा असेल त्यांनी खोली आणि माणसं पाहून ठेवा. पहिल्या दिवशीचे खेळ घ्यायला मी येईन.