जोन, आई आणि निम्मी मेथी

रविवारची दुपार. जरा पडावं म्हणून आडवी झाले आणि लॅपटॉपवर दिग्दर्शक ड्रायरचा १९२८ चा मूकपट लावला, पंधराव्या शतकात फ्रान्ससाठी लढलेल्या जोन ऑफ आर्कवरचा. झोप कसली लागतेय!

लढाया जवळपास नाहीतच. फ्रान्समधल्या रूआँ शहरात पाद्र्यांनी तिच्यावर चालवलेला खटला आणि चेहरे, बस. जोन झालेल्या फाल्कोनेत्तीच्या तोंडावर मेकअपचा हातही नाही. न्यायाधीशांच्या चामखिळीसुद्धा मोजता येतात. आई शेजारी मेथी निवडत होती, पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या मी तिला मराठीत सांगत होते. हळूहळू तिचे हात थांबले.

तेराव्या वर्षापासून संतांचे आवाज ऐकू येतात म्हणणारी, शेतकऱ्याची अडाणी पोर. समोर धर्मशास्त्र कोळून प्यालेले पाद्री. विचारतात काय, तर सेंट मायकेल दिसला तेव्हा उघडा होता का? ही म्हणते, त्याला कपडे द्यायची देवाची ऐपत नाही असं वाटतं का तुम्हाला?

"बरी जिरवली!" आई खुदकन हसली. (हा सवाल-जवाब १४३१ च्या खटल्याच्या दप्तरात खरोखर आहे.)

केस भादरतात तो प्रसंग मात्र मला धड बघवला नाही.

आवाज खरे होते का, यावर वाद घालताना चहा गार झाला. आईचं एकच, "तिला ऐकू आले ना? मग झालं."

तिला जिवंत जाळलं तो निकाल १४५६ मध्ये फिरवला आणि १९२० मध्ये तिला संत केलं, हे सांगितलं तर म्हणाली, "जाळून पंचवीस वर्षांनी होय?"

मेथी अजून निम्मी तशीच पडलीय.