शियों: रस्त्याकडे बुरूज, तळ्याकडे खिडक्या

स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रोहून आम्ही चालतच निघालो. तळ्याकाठची पायवाट, पाऊण तासाचा रस्ता. बस होती, पण सह्याद्रीतले निम्मे किल्ले पालथे घातलेल्या बाबांना किल्ल्यावर बसने जाणं म्हणजे अपमान वाटतो.

जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाला, काठापासून जेमतेम हातभर सुटलेल्या खडकावर शियोंचा किल्ला बसलाय. मधली पाण्याची चिंचोळी पट्टी हाच खंदक. खडकासमोर लगेच डोंगर उभा राहतो, त्यामुळे रस्त्याला जागा उरते ती एवढीशीच. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून इटलीशी चालणारा व्यापार इथूनच जायचा. ज्याच्या हातात हा खडक, त्याच्या हातात जकात. आल्प्सच्या या भागावर राज्य करणाऱ्या सॅव्हॉय घराण्याने हे बरोबर ओळखलं होतं. ११५०च्या कागदपत्रांत किल्ला त्यांच्याकडे दिसतो, आणि तेराव्या शतकात त्याच घराण्यातल्या पिएर दुसरा याने तो बराचसा नव्याने बांधून घेतला.

रस्त्याच्या बाजूला तीन अर्धगोल बुरूज, उंच तट आणि जंग्या. "बघ, इथून फक्त बाण," बाबा म्हणाले, "तोफांचा विचारच नाही." आत तीन-चार चौक ओलांडून तळ्याच्या बाजूला आलो आणि किल्ल्याचा नूरच पालटला. इथे कमानीदार खिडक्या, बसायला दगडी कट्टे, मोठमोठे दिवाणखाने. या बाजूने शत्रू येईल असं कुणाला वाटलंच नसावं! सॅव्हॉयच्या सरदाराच्या निजण्याच्या खोलीत भिंतींवर जुनी चित्रंही आहेत, पुसट झालेली. शौचकूप मात्र थेट तळ्यावर उघडतात. बाबांनी ते सगळ्यात मन लावून पाहिले.

गर्दी खरी तळघरात. खांबांवर तोललेल्या गॉथिक कमानी, आणि एका बाजूची भिंत म्हणजे चक्क मूळ खडक. अरुंद झरोक्यांतून पाण्याची तिरीप येते आणि छतावर हलत राहते. जिनिव्हाचा फ्रांस्वा बोनिव्हार हा मठाधिपती सॅव्हॉयच्या विरोधात गेला म्हणून इथे कैद झाला. अखेरची चार वर्षं साखळदंडात काढली. १५३६मध्ये बर्न या स्विस नगरराज्याच्या फौजेने किल्ला घेतला तेव्हा सुटला. त्यानंतर गडी १५७०पर्यंत जगला आणि त्याने चार लग्नं केली. १८१६मध्ये कवी बायरन इथे आला आणि त्याने 'शियोंचा कैदी' ही दीर्घकविता लिहिली. तिच्यातला कैदी बराचसा कल्पनेतला, पण त्यानंतर इथे यात्राच सुरू झाली. तिसऱ्या खांबावर 'बायरन' हे नाव कोरलेलं आहे, वर काच बसवलेली.

बाबा काचेकडे बघून म्हणाले, "आपल्याकडे गडावर पोरांनी नावं कोरली की आपण शिव्या घालतो."

मी काही बोललो नाही. बाहेर झरोक्याखाली पाणी खडकावर आपटत होतं, आणि आम्हाला परतीची बस पकडायची होती. बाबांचे पाय दुखत होते.