अल्बुकर्कच्या मुलाचं घर, लिस्बन

लिस्बनला गेलात तर बेलेंचा बुरूज बघाच, पण आल्फामा या जुन्या वस्तीच्या पायथ्याशी असलेलं कासा दुश बिकुश चुकवू नका. हे घर बांधणाऱ्या ब्राशचे वडील म्हणजे १५१० मध्ये गोवा जिंकणारा अफोन्सो द अल्बुकर्क.

ब्राश हा त्याचा अनौरस मुलगा. १५१५ मध्ये अल्बुकर्क गोव्याजवळ जहाजावरच वारला आणि पोर्तुगालचा राजा मानुएल याने ब्राशला वडिलांचंच नाव घ्यायला लावलं. पुढे १५२१ मध्ये राजकन्येच्या वऱ्हाडाबरोबर तो इटलीला गेला. तिथले रेनेसाँस वाडे त्याच्या मनात भरले असणार, कारण १५२३ मध्ये तेजो नदीच्या काठावर त्याने तसंच घर बांधायला घेतलं.

दर्शनी भिंतभर हिऱ्यासारखे पैलू पाडलेले टोकदार दगड आहेत. मला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचे खिळे आठवले, पण ते हत्ती थोपवायला होते आणि हे निव्वळ शोभेला. ऊन तिरपं झालं की प्रत्येक टोकाची एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते. खालची दारं लहानमोठी, कशीही बसवलेली; मला तीच जास्त आवडली.

१७५५ च्या भूकंपात वरचे दोन मजले गेले. उरलेल्या भागात पुढे बकालावचं, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाचं, गोदाम होतं. १९१० मध्ये घराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९८३ च्या युरोपीय कलाप्रदर्शनासाठी जुन्या चित्रांच्या आधारे वरचे मजले पुन्हा चढवले. खिडक्यांकडे बघितलं की नवं काम लगेच ओळखू येतं. जुन्याचं सोंग आणलेलं नाही, हे फार चांगलं केलं.

तळमजल्यावर तर कमालच आहे. उत्खननात रोमन काळातले मासे खारवायचे हौद सापडले, ते तिथेच जपलेत. म्हणजे बकालावच्या कितीतरी शतकं आधीही इथे मासे खारवले जात होते! वर २०१२ पासून नोबेलविजेते लेखक जुझे सारामागु यांची संस्था आहे, आणि दारासमोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा.

ब्राशने १५५७ मध्ये वडिलांच्या पराक्रमाचा ग्रंथ छापला. पण गोवा घेतल्यावर तिथल्या मुसलमानांची सरसकट कत्तल केल्याचं अल्बुकर्कने स्वतःच राजाला कळवलं होतं. त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर कारागिरांना मनापासून दाद द्यावीशी वाटली आणि अल्बुकर्कचा तितकाच संतापही आला.