तुम्ही विचारलंत म्हणून: गावाकडच्या कॉलेजात बी.ए. करून पर्यावरण शिकता येतं का?

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न येतोच. "पोरीला आर्ट्सच घ्यायचंय आणि काम मात्र पर्यावरणात करायचंय म्हणते. पुण्याला धाडावी का, का इथल्याच कॉलेजात भागेल?" विचारणारे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलेच, कधी राधानगरीचे असतात, कधी शिरोळचे, कधी पन्हाळ्याखालच्या एखाद्या गावचे.

भागतं. मात्र विषय डोळसपणे निवडले आणि मोजमाप करायची तयारी असली तरच.

विषयांचं आधी उरकून टाकू. पर्यावरणाचा सक्तीचा पेपर सगळ्याच शाखांना असतो. तो पास होणं म्हणजे पर्यावरण शिकणं नव्हे. मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, भूगोल घ्या. मायनरला, म्हणजे जोडविषयाला, अर्थशास्त्र, इतिहास किंवा समाजशास्त्र यातलं काहीही चालेल, पण ते शिकवणारे प्राध्यापक कॉलेजात कायम आहेत का ते बघा. नव्या शैक्षणिक धोरणात एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं वर्गातलं शिकवणं किंवा ३० तासांचं प्रात्यक्षिक. फील्ड प्रोजेक्टची क्रेडिट्स कागदावर सगळीकडे सारखीच दिसतात, फरक ते तास जातात कुठे यात असतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या चाळीस पानांतही ते संपतात आणि नदीकाठीही.

आपल्या जिल्ह्यासारखी अभ्यासाची जागा शोधून सापडायची नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शिरोळकडे जेमतेम पाचशेच्या आसपास, आणि दोन्ही टोकं एसटीनं एका दिवसात बघून होतात. मधे धरणं, ऊस, सडे (डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारं), देवराया, क्षारपड जमीन आणि पूर. यातला पूर घेऊन कामाची पद्धत सांगतो, कारण कला शाखेच्या मुलांना जमेल आणि गावाच्या उपयोगाला येईल असा पहिला प्रकल्प तोच.

गावातल्या कुठल्या घरात पाणी कुठवर आलं होतं, त्याचा नकाशा करायचा. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा (कोल्हापूर शहर ४७ एल या क्रमांकाच्या नकाशांत येतं, पश्चिमेचा डोंगरी भाग ४७ एच मध्ये) गाव ओळखायला चांगला. पण त्यातल्या दोन समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं) उंचीचं अंतर २० मीटर, आणि पंचगंगेकाठच्या गावात कुणाचं घर बुडलं नि कुणाचं वाचलं हे दोन-तीन मीटरांत ठरतं. नकाशा इथं हात टेकतो. मग गवंड्याची लेव्हल पाईप घ्यायची.

दहा-पंधरा मीटर पारदर्शक नळी, दोन टेप, दोन सरळ काठ्या आणि वही. नळीत पाणी भरताना चिमूटभर रंग टाका, म्हणजे पातळी नीट दिसते आणि बुडबुडेही दिसतात. एक बुडबुडा आत राहिला तरी वाचन चुकतं. वाचताना दोन्ही तोंडं उघडी हवीत. अंगठा ठेवूनच वाचन घेणारा एकजण प्रत्येक गटात निघतो. दोन्हीकडची पाण्याची पातळी एकच असते, म्हणून दोन काठ्यांवरच्या वाचनांतला फरक हाच त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. नळी अर्धी उन्हात, अर्धी सावलीत नको, गरम पाणी हलकं होऊन पातळी फसवते. सुरुवात न हलणाऱ्या वस्तूपासून करा, देवळाच्या जोत्याचा दगड सगळ्यात बरा. घरं घेत घेत फिरून पुन्हा त्याच दगडावर या. बेरीज-वजाबाकी शून्याच्या जवळ यायला हवी. वीस टप्प्यांत चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तर चालतं, वीत-दीडवीत फरक आला तर कुठेतरी आकडा उलटा लिहिलाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

भिंतीवरचा डाग सरळ खरा मानू नका. मातीच्या किंवा विटांच्या भिंतीत ओल वर चढते, त्यामुळे डागाची रेघ पाण्याच्या खऱ्या पातळीच्या वर असू शकते. पत्र्याचं दार, खिडकीची काच, विजेच्या मीटरची पेटी यांवरची गाळाची रेघ जास्त भरवशाची. दिवाळीला रंग दिलेल्या घरात तीही नसते. मग माणसांना विचारावं लागतं, आणि आर्ट्सचं शिक्षण खऱ्या अर्थानं कामाला लागतं ते इथं.

"किती पाणी आलतं?" असं विचारलंत तर "लई आलतं" एवढंच हाती लागतं. त्याऐवजी विचारा: कोनाड्यातला देव भिजला का? कितवी पायरी बुडाल्यावर जनावरं सोडली? धान्याची कणगी वर कुठं ठेवली होती? शेजारीशेजारी बसवून विचारू नका, दुसरा पहिल्याचीच री ओढतो. सालांचा तर हमखास गोंधळ होतो. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर आठवणीत एकमेकांत मिसळलेत. २०१९ चा पूर नागपंचमीच्या आठवड्यातला, २०२१ चा गुरुपौर्णिमेच्या सुमाराचा आणि करोनाच्या मास्कचा. सणावरून विचारलं की लोक चुकत नाहीत. उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा, नाव न लिहिता घराला क्रमांक द्या आणि वही दाखवून परवानगी घ्या.

आणखी एक चूक जवळपास प्रत्येक अहवालात असते. कोल्हापूरजवळ पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पेपरात रोज येणारे हे आकडे पोरं आपल्या गावाला जसेच्या तसे लावतात. ते फूट त्या बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे आहेत. नदीच्या पाण्याला उतार असतो, त्यामुळे तिथे ४३ असताना प्रयाग चिखलीला किंवा नृसिंहवाडीला पाणी कुठे असेल ते तिथलंच मोजून ठरतं. उपयोगाचा तक्ता असा: बंधाऱ्यावर इतके फूट झाले त्या दिवशी आमच्या गावात अमुक पायरी बुडाली. असा तक्ता ग्रामपंचायत भिंतीवर लावते.

पाण्याचा दर्जा तपासायचा असेल तर विज्ञान शाखेशी मैत्री ठेवा, कारण रसायनं त्यांच्या कपाटात असतात. विरघळलेला ऑक्सिजन ३०० मिलिलिटरच्या बाटलीत मोजतात. बाटली पाण्याखाली हळूच भरून तिथंच बूच लावायचं, बादलीतून ओतायची नाही, ओतताना हवा मिसळते. काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड दोन-दोन मिलिलिटर घालायचं. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. त्यापुढचं आम्ल घालणं आणि टायट्रेशन (थेंब थेंब द्रावण घालून मोजणं) प्रयोगशाळेत, हातमोजे घालून आणि शिक्षकांसमोरच. नदीचं पाणी आंघोळीलायक ठरायला त्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, असा निकष आहे.

फसगत होते ती जागेमुळे आणि वेळेमुळे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या बाजूला पाणी तुंबतं, केंदाळ (जलपर्णी) पसरतं, आणि खालच्या बाजूला तेच पाणी आपटून हवा घेतं. एकाच दिवशी बंधाऱ्याच्या वर नदी आजारी दिसेल आणि खाली ठणठणीत. दोन्हीकडचे नमुने घ्या आणि बरगे घातलेत की काढलेत तेही लिहा. शेवाळ रात्रभर ऑक्सिजन वापरतं, म्हणून पहाटेचा आकडा दुपारपेक्षा कमी येतो. वेळ न लिहिलेला नमुना फेकून दिलेला बरा.

आता पुढचं काय, हे पालक विचारतातच. भूगोलात एम.ए. करता येतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते पहिल्याच वर्षी शिका, काम तिथूनच मिळतं. पाणलोटावर काम करणाऱ्या संस्थांना मोजता येणारी आणि मराठीत नीट लिहिता येणारी माणसं हवी असतात, आणि अशी माणसं फार नाहीत. पण भारतीय वन सेवेचं स्वप्न असेल तर आत्ताच थांबा: त्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित अशा ठरावीक विषयांपैकी एक तरी पदवीला लागतो, किंवा शेती, वनशास्त्र, अभियांत्रिकीची पदवी. भूगोल त्या यादीत नाही. पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.लाही अनेक ठिकाणी विज्ञानाची पदवी मागतात. प्रवेशाचे नियम बी.ए. चा फॉर्म भरायच्या आधी वाचा, तिसऱ्या वर्षात नको.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. ग्रंथालयात मागच्या तीन वर्षांचे प्रकल्प मागा आणि कुठलाही एक उघडा. त्यात तारीख, वेळ, जागा आणि मोजणाऱ्याच्या हाताने लिहिलेली कच्ची वही जोडलेली असेल तर प्रवेश घ्या. प्रकल्प कपाटात कुलूपबंद असतील आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नसेल, तर दुसरं कॉलेज बघा.