आमची वाटचाल : पुरंदरचं अंजीर ते मुळशीचा तांदूळ

आमचं छोटंसं दुकान हडपसरला आहे आणि सुरुवात झाली ती फक्त अंजिरापासून. माझं आजोळ पुरंदर तालुक्यात सासवडजवळ, मामांची बाग, त्यामुळे हे फळ लहानपणापासूनचं ओळखीचं. अंजीर झाडावरच पिकावं लागतं. आधी तोडलं तर देठातून चीक गळतो आणि नंतर कितीही ठेवा, त्याला गोडी भरत नाही, आणि पूर्ण पिकल्यावर तोडलं तर एकदोन दिवसांत खाऊन संपवावं लागतं. म्हणजे माल लांब पाठवायचा असेल तर शेतकऱ्याला तो जरा लवकर तोडावाच लागतो. हडपसरकरांचं तसं नाही, पहाटे तोडलेलं फळ दिवे घाट उतरून नाष्ट्याच्या वेळेला दुकानात हजर. जवळचं का घ्यायचं, याचं माझ्यासाठी पहिलं उत्तर हेच, चव.

2016 मधे राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, म्हणजे शेतकऱ्याला तो समितीच्या बाहेर थेटही विकता येऊ लागला. त्याच वर्षी पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही (त्या भागातल्या खास मालाची अधिकृत ओळख) मिळालं. मग आम्ही हिंमत केली, शेजारच्या बागाही जोडल्या. भाव बहार धरतानाच, म्हणजे झाडं पुढच्या फळासाठी तयार करतानाच, बोलून ठरवतो. मार्केटला आवक वाढून रेट पडला तरी आमचा तोच, आणि चढला तर शेतकरीही दिलेला शब्द पाळतात. पाऊस लागून फळ उकललं तर तेही घेतो, गावातल्या बचत गटाच्या ताई त्याचा जॅम करतात. चांगलं तेवढं वेचून घ्यायचं आणि बाकीचं शेतकऱ्याच्या गळ्यात टाकायचं, याला मी लोकल म्हणतच नाही.

हळूहळू पावसाळ्यातला पुरंदरचा मटार आला, सीताफळ आलं, मग तांदूळ. तांदळात मात्र खूप शिकायला मिळालं. मुळशीचा आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यापावसात आडवा पडतो, उत्पादन कमी, म्हणून बऱ्याच जणांनी तो सोडून इंद्रायणी धरली (तीही आपलीच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातली). आणि बाजारात बाहेरचा वासाचा तांदूळ आंबेमोहर म्हणून सर्रास विकला जातो, कमी भावात, मग खरा पिकवणारा टिकणार कसा? म्हणून आम्ही भात थेट शेतकऱ्याकडून घेतो, तिथल्याच गिरणीत भरडून आणतो आणि पिशवीवर गावाचं नाव आणि कुठल्या साली निघाला ते लिहितो. नवा तांदूळ मऊ, चिकट होतो, पुलाव करायचा असेल तर घेऊ नका असं काउंटरवरच सांगतो, वरणभाताला मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही.

आमच्याकडे सगळं बारा महिने मिळत नाही. ऑगस्टमधे अंजीर मागायला येतात, नसतं. त्याचे बहार, म्हणजे फळाचे हंगाम, दोन: हिवाळ्यात खट्टा बहार येतो तो जरा कमी गोड, खरी मजा उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या मीठा बहाराची. नेहमीची गिऱ्हाइकं आता स्वतःच विचारतात, मीठा सुरू झाला का.

मुंबईहूनही फोन येतात, ताजं अंजीर कुरिअर करा म्हणून. तेवढं आम्ही करत नाही. त्यांना सांगतो, डहाणू-घोलवडचा चिकू तुमच्या जवळचा, तो खा, आणि सीझनमधे कधी पुण्याला आलात तर सकाळी दहाच्या आत दुकानात या.